गजर आणि समोरचा माणूस : श्रीसंत गाडगेबाबांचे कीर्तन-चरित्र

दिंडीच्या शताब्दीनिमित्त स्मरणिकेत संतचरित्रे द्यायची ठरली, तेव्हा माऊली, तुकोबाराय, नामदेवराय, नाथमहाराज ही नावे सगळ्यांच्या तोंडी आलीच. गाडगेबाबांचे नाव निघाले तेव्हा मात्र बैठकीत थोडी कुजबुज झाली. बाबांनी कुणाला गुरू केले नाही, कुणाला शिष्य केले नाही. आपल्या फडाच्या रीतीने पाहिले तर त्यांचे कीर्तन नियमात बसत नाही. पंढरीला येत, पण त्यांचा सगळा वेळ वाळवंटात, झाडण्यात नाहीतर गोरगरिबांच्या पंगतीत जाई. मग वारकऱ्यांच्या पुस्तकात त्यांचे चरित्र कशाला, असा प्रश्न एकाने विचारला. प्रश्न सरळ होता, त्याला उत्तर द्यायला हवे.

आम्ही हे चरित्र मुद्दाम घेतले, त्याला कारण आपल्या दिंडीतलेच आहे. अलीकडे मुक्कामाच्या कीर्तनावरून आपल्यात दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष म्हणतो, चाल गोड हवी, पखवाज बोलता हवा, टाळकऱ्यांची रांग एका अंगाने झुलली पाहिजे, गायन म्हणजेच कीर्तनाचा प्राण. दुसरा म्हणतो, गाणे फार झाले, माणसे उठून जातात, समोरच्याला काही सांगा, काही विचारा. दोघांचेही खोटे नाही. पण गाणे आणि समोरचा माणूस हे दोन्ही एकाच वेळी कसे धरायचे, हे ज्याने उभ्या महाराष्ट्रात हयातभर करून दाखवले त्याचे चरित्र वाचल्याशिवाय हा वाद नीट करता येणार नाही, असे आम्हाला वाटते. म्हणून बाबांच्या इतर कामाला इथे थोडक्यात घेतले आहे आणि कीर्तनाला जागा जास्त दिली आहे.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, वऱ्हाडातल्या अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या गावचा. घराणे परिटाचे. वडील झिंगराजी, आई सखूबाई, मुलाचे नाव डेबू. पुढे मोठेपणी डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडिलांना दारूचे व्यसन लागले आणि त्यातच ते गेले. डेबू तेव्हा आठ वर्षांच्या आतबाहेर असेल. देवाच्या नावाने बकरे कापायचे, त्याबरोबर दारू प्यायची, ही त्या काळची रीतच होती, आणि त्या रीतीनेच या घराचा कर्ता नेला. बाबांच्या कीर्तनात दारू आणि नवसाचे बकरे हे दोन विषय का सुटत नसत ते इथे कळते. ते ऐकीव सांगत नव्हते, घरातले सांगत होते.

विधवा आई लेकराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे गावी आली. डेबू मामाच्या घरी वाढला. गुरे राखली, नांगर धरला. शाळेचे तोंड पाहिले नाही. रात्री गुराख्यांच्या पोरांबरोबर भजनाला बसणे एवढीच काय ती शाळा. आम्हा वारकऱ्यांना ही शाळा माहीत आहे. कंदील एक, टाळ असतील नसतील तेवढे, पाठांतर एकमेकांकडून ऐकून केलेले. ज्याला अक्षर येत नाही त्याचा कान तयार होतो. एकदा ऐकलेला अभंग चालीसकट राहतो, आणि कोण कुठे चुकला तेही लक्षात राहते. तुकोबारायांचे अभंग आणि कबीराचे दोहे बाबांच्या मुखी होते ते असे.

मामाला सावकाराने गाठले. कागदावर काय लिहिले आहे हे न समजता अंगठा देणारा शेतकरी त्या वेळी घरोघर होता. कसलेली जमीन गेली आणि त्या दुःखाने मामाही गेले. तरण्या डेबूजीने सावकाराच्या माणसांना शेतात पाऊल टाकू दिले नाही अशी हकीकत चरित्रकारांनी दिली आहे. खरी मेख मात्र त्याला तेव्हाच समजली. सावकाराजवळ अक्षर होते, मामाजवळ नव्हते. पुढे पन्नास वर्षे बाबा गावोगाव हेच सांगत फिरले की ताट विका आणि हातावर भाकर घेऊन खा, बायकोला लुगडे कमी भावाचे घ्या, पण पोराला शाळेत घातल्याशिवाय राहू नका. आणि कर्ज काढून सण करू नका.

लग्न १८९२ साली झाले. पत्नी कुंताबाई. मुलीच्या बारशाला रीतीप्रमाणे बकरे आणि दारू अशी जेवणावळ व्हायची, डेबूजीने गोडाधोडाची पंगत मांडली. जातभाई रुसले. हे लहानसे वाटेल, पण भावकीच्या पंगतीत रीत मोडणे म्हणजे काय हे खेड्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजीने घर सोडले. अंगावर फाटके, ठिगळे जोडलेले वस्त्र, हातात काठी आणि एक मातीचे गाडगे. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. गाडग्यातच भाकरी मागायची, त्यातच पाणी प्यायचे, ऊन लागले तर तेच डोक्यावर. लोकांनी कुठे गोधडेबुवा म्हटले, कुठे चिंध्येबुवा, शेवटी गाडगेबाबा हे नाव टिकले. भाकर फुकट घ्यायची नाही असा नेम होता. लाकडे फोडून द्यायची, अंगण झाडून द्यायचे, मग तुकडा मागायचा. पूर्णेच्या काठी ऋणमोचन म्हणून तीर्थ आहे. तिथे पौषातल्या रविवारी यात्रा भरते. चिखलाच्या उतारावर बायाबापड्या घसरून पडत, तिथे बाबांनी फावडे धरले आणि पुढे घाट बांधवला.

आता कीर्तनाकडे येतो.

बाबा एखाद्या गावात सकाळी येत. कुणाला ओळख सांगत नसत. खराटा घेऊन वेशीपासून झाडायला लागत. गटार तुंबलेले असेल तर ते मोकळे करत. गावची पोरे हसत, मोठी माणसे वेडा म्हणत, एखादा भला माणूस आपणही खराटा धरी. दिवस मावळेपर्यंत गाव लख्ख होई. रात्री कीर्तन आहे म्हणून लोक जमत, आणि कीर्तनाला उभा राहिलेला माणूस पाहून चपापत. सकाळी ज्याला हसले तोच हा.

कीर्तनकार लोकांना आपलेसे करतो ते व्यासपीठावर, अशी आपली समजूत असते. म्हणून आपण कीर्तनाच्या आरंभी गोड बोलतो, गावाची स्तुती करतो, दोन चुटके सांगतो. बाबांचे काम रात्रीच्या आधीच अर्धे झालेले असे. कोणत्या वाड्यामागे घाण आहे, दारूचा गुत्ता कुठे आहे, कोणाच्या दारात पोर शाळेच्या वेळी गुरे वळते आहे, महारवाड्याच्या विहिरीला पाणी आहे की नाही, हे सारे त्यांनी दिवसभरात डोळ्यांनी पाहिलेले असे. रात्री त्यांनी प्रश्न विचारला की तो त्या गावचा प्रश्न असे. शेजारच्या गावात तोच विषय, पण प्रश्न वेगळा. म्हणून हजारोंच्या गर्दीतही प्रत्येकाला वाटे की बाबा माझ्याशीच बोलतात.

हजारोंची गर्दी म्हटले, पण त्यांच्या उमेदीच्या काळात गावोगाव ध्वनिक्षेपक नव्हते, हे विसरून चालणार नाही. उघड्या माळावर, नदीच्या वाळूत, एका माणसाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा. लांब वाक्य बोलले तर ते मध्येच हवेत विरते. बाबांचे वाक्य चार-पाच शब्दांचे. तेच पुन्हा एकदा. मग समोरच्यांनी उत्तर द्यायचे, आणि ते उत्तर बाबा पुन्हा आपल्या तोंडाने म्हणणार. पुढच्या रांगेने काय म्हटले ते मागच्याला असे कळते. भाषा वऱ्हाडी, घरात बोलतात तशी. कोकणात गेले तरी तीच, आणि कोकणी माणसालाही ती कळे.

आणि या सगळ्याला धरून ठेवणारा होता गजर. देवकीनंदन गोपाळाची ती धून आज महाराष्ट्रात लहान पोरालाही येते. बाबांचे कीर्तन म्हणजे नुसते बोलणे, त्यात गाणे नव्हतेच, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आमच्या मते त्यांनी ते कीर्तन कानाने ऐकलेले नाही. बाबांच्या शेवटच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, ते कुणीही ऐकावे. गजर पुन्हा पुन्हा येतो आणि नेमक्या जागी येतो.

जागा कोणती ते सांगतो. बाबा एक प्रश्न टाकतात, साधा, ज्याचे उत्तर शेंबड्या पोरालाही यावे. लोक हो म्हणतात. त्यावर दुसरा. लोक नाही म्हणतात. मग तिसरा, चौथा, आणि पाचव्याला लोकांच्या लक्षात येते की आपल्याच होकाराने आपण कोपऱ्यात सापडलो. देव दगडाचा केला कुणी, त्याला अंघोळ कोण घालतो, नैवेद्याजवळ आलेले कुत्रे कोण हाकलतो, असे विचारत विचारत ते माणसाला त्याच्या नवसाजवळ आणून उभे करत. हशा होतो. पण तो हसू म्हणजे अर्धी शरम असते. त्या क्षणी कीर्तनकार बोलतच राहिला तर शरमेचा राग होतो. माणूस म्हणतो, हा कोण मला शिकवणार! बाबा नेमके तिथे थांबतात आणि गजर उचलतात. सगळे लोक आपोआप तो गजर म्हणायला लागतात. ज्याला टोचले तोही म्हणतो, जो हसला तोही म्हणतो. दोन मिनिटांपूर्वी फटका देणारा आणि फटका खाणारा, दोघे एका तालात टाळ्या वाजवत असतात. राग निवतो, पण टोचलेले तसेच राहते. गजर संपला की पुढचा प्रश्न.

गाण्याचे हे काम आपल्या मंडळींनी बारकाईने पाहावे. तिथे गाणे ऐकण्यासाठी नव्हते, म्हणण्यासाठी होते. म्हणून चाल अशी की पहिल्यांदा आलेल्या म्हाताऱ्यालाही दुसऱ्या फेरीला उचलता यावी. सूर असा की बायांनाही लागावा आणि पुरुषांनाही. लय अशी की टाळी चुकू नये. अवघड चाल बांधणे ही मोठी विद्या आहे, तिला आम्ही कमी लेखत नाही. पण साध्या चालीवर दहा हजार गळे एकत्र ठेवणे हीसुद्धा विद्याच आहे, आणि ती गळ्याइतकीच डोळ्यांनी करावी लागते. कोणती बाजू म्हणत नाही, कुठली रांग पेंगते, कुठे पोर रडते, हे पाहून गजर वाढवायचा की आवरायचा ते ठरते. डोळे मिटून गाणाऱ्याला हे जमत नाही.

इथे वऱ्हाडातल्याच दुसऱ्या महापुरुषाची आठवण होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज बाबांहून वयाने बरेच लहान, जन्म १९०९ चा, तेही अमरावती जिल्ह्यातलेच. त्यांच्या हातात खंजिरी असे, आणि ती खंजिरी आणि तो गळा ऐकायला लोक कोसांवरून येत. तुकडोजी महाराजांनी संगीताच्या जोरावर माणसे बांधली, बाबांनी सवाल-जबाबाच्या जोरावर. दोघांचे एकमेकांवर प्रेम होते आणि दोघांचे सांगणे बरेचसे एकच होते. तेव्हा एकच रीत खरी असा हट्ट आम्ही धरत नाही. ज्याला गळा आहे त्याने गळा वापरावा. दोघांच्याही पुढे बसलेला माणूस गप्प राहत नसे, एवढे मात्र सारखे.

आपल्या परंपरेला हे परके नाही, हेही सांगितले पाहिजे. बैठकीतल्या त्या प्रश्नाचे आमचे उत्तर हेच. चंद्रभागेच्या वाळवंटात नामदेवराय कीर्तनाला उभे राहिले ते सगळ्या जातींच्या लोकांपुढे. नाथमहाराजांचे भारूड म्हणजे तर लोकांच्या बोलीत लोकांनाच सोंग दाखवणे. आपल्या दिंडीत चालताना वीणेकरी मध्ये, पखवाजी त्याच्याजवळ आणि दोन्ही अंगांना टाळकऱ्यांच्या रांगा, ही रचनाच अशी आहे की तिथे ऐकणारा वेगळा आणि गाणारा वेगळा उरत नाही. एका रांगेने अभंगाचे चरण म्हणायचे, दुसऱ्या रांगेने झेलायचे. वाटेत शेतातून धावत आलेली बाईही मागच्या रांगेत दोन पावले चालत धृपद म्हणते. कीर्तनाला मांडव आला, उंच व्यासपीठ आले, समोर दिवे आले, तेव्हा ऐकणारा खाली बसला आणि गप्प झाला. जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, त्यातून पाठांतर, चाली, निरूपण यांना शिस्त लागली, हे फार मोठे काम झाले. त्याच सुमाराला बाबा उघड्या माळावर कसलीच शिस्त नसलेले कीर्तन करत होते. दोन्ही एकाच काळात, एकाच विठ्ठलाच्या नावाने चालले होते. एकाने शास्त्र राखले, दुसऱ्याने दाराबाहेर उभा असलेला माणूस आत घेतला.

दाराबाहेरचा माणूस हे नुसते बोलायला म्हटलेले नाही. तेव्हा पंढरपुरात अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना देवळात तर सोडाच, पण पाठ टेकायलाही जागा मिळत नसे. बाबांनी त्यांच्यासाठी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या, मुंबईत दवाखान्यात आलेल्या रोग्यांच्या नातलगांसाठी निवारा झाला, अंध-पंगूंसाठी सदावर्ते झाली, शाळा झाल्या. हा सगळा पैसा कीर्तनातून जमला. बाबांनी स्वतःसाठी त्यातला आणा ठेवला नाही, बायकापोरांसाठीही नाही. कुंताबाई झोपडीत राहिल्या. चोखामेळा धर्मशाळा तर बाबांनी पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली करून टाकली. लोक पैसे का देत? कारण रात्री टाळी वाजवलेल्या माणसाने दिवसा खराटा धरलेला त्यांनी पाहिलेला असे.

कीर्तन संपले की बाबा थांबत नसत. पाया पडायला कुणी वाकला की काठी उगारत. शेवटचा गजर चालू असतानाच ते गर्दीतून निसटत आणि पुढच्या गावची वाट धरत, असे जुनी माणसे सांगत. हल्ली कीर्तनानंतर हार, नारळ, शाल आणि छायाचित्रे यांना कीर्तनाएवढाच वेळ लागतो. असो.

एक प्रसंग सर्व चरित्रांत आहे, तो इथे द्यायलाच हवा. बाबांचा एकुलता एक मुलगा गोविंदा. बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तनाला उभे होते. कीर्तन रंगात आले होते आणि गोविंदा गेल्याची बातमी तिथे पोचली. बाबांनी ती ऐकली, तुकोबारायांच्या वळणाचे दोन शब्द काढले, की असे कितीतरी गेले, एकासाठी काय रडायचे, आणि कीर्तन पुढे चालू ठेवले. या प्रसंगातून बाबांचे वैराग्य सांगण्याची प्रथा आहे. ते खरेच आहे. पण आम्हाला त्यात आणखी एक दिसते. समोर बसलेल्या लोकांत ज्यांची लेकरे गेली आहेत असे त्या काळी घरटी एक तरी माणूस असेल. प्लेग, पटकी, देवी यांनी गावेच्या गावे धुऊन नेलेली. बाबांनी आपले दुःख लपवले नाही, लोकांना सांगितले, पण त्यांच्यावर लादलेही नाही. आपले मूल त्या सगळ्या गेलेल्या मुलांत मिसळून टाकले आणि गजर उचलला. त्या रात्री त्या गजरात किती बायांचे हुंदके मिसळले असतील याची कल्पना करावी. कीर्तनकाराचा गळा भरून आला आणि कीर्तन मोडले, तर लोक त्याला सांभाळायला धावतात. तिथे लोकांना कुणी सांभाळायचे? बाबांनी क्रम उलटा होऊ दिला नाही.

त्यांचे कीर्तन ऐकायला शहरातले शिकलेले लोकही येत. प्रबोधनकार ठाकऱ्यांसारख्या धारदार लेखणीच्या माणसाने बाबांचे चरित्र लिहिले, पण त्यांच्या कीर्तनाचे चित्र शब्दांत उभे करणे आपल्या ताकदीबाहेरचे आहे असे मोकळेपणाने कबूल केले. प्रबोधनकारांचीच लेखणी जिथे थांबली तिथे आम्ही काय लिहिणार! आचार्य अत्रेही त्या कीर्तनाने भारून गेले होते. शहरी श्रोत्यांपुढे बाबांनी भाषा बदलली नाही, मात्र उदाहरणे बदलली. खेड्यात बैलांचे आणि सावकाराचे उदाहरण, मुंबईत चाळीचे, पगाराचे आणि दारूच्या गुत्त्याचे.

बाबांची नक्कल करणारे कीर्तनकार त्यांच्या हयातीतच निघाले आणि आजही आहेत. ते लोकांना टोचून बोलतात, बायकांच्या राहणीवर विनोद करतात, तरुणांची टिंगल करतात, आणि ही गाडगेबाबांची परंपरा म्हणून सांगतात. हे आम्हाला मान्य नाही. बाबांच्या टोचण्यामागे त्या दिवशीचा त्या गावातला खराटा होता, आणि टोचल्यावर लगेच सर्वांना एकत्र आणणारा गजर होता. मोटारीतून उतरून थेट व्यासपीठावर चढायचे, गावाचे नाव चिठ्ठीवर पाहून घ्यायचे आणि गावाला झोडपायचे, याला वेगळे नाव आहे. दुसरीकडे, आपल्यातले काही तरुण पखवाज आणि गायक यांची जुगलबंदी अर्धा अर्धा तास चालवतात. हात तयार आहेत, मेहनत आहे, ऐकताना आम्हीही डोलतो. पण त्या वेळी मागे बसलेल्या वारकऱ्याला म्हणायला काहीच उरत नाही. तो दिवसभर पंधरा-वीस किलोमीटर चालून आलेला असतो. पाय चेपत बसतो, मग आडवा होतो. त्याला झोप लागली म्हणून त्याच्यावर रागावू नये. तेच धृपद दोनदा त्याच्या वाट्याला दिले असते तर तो उठून बसला असता. येत्या वारीपासून मुक्कामाच्या कीर्तनात प्रत्येक चालीनंतर गजर सर्वांना म्हणता येईल अशा पट्टीत घ्यावा, आणि ज्या गावी मुक्काम तिथे कीर्तनकाराने तिसऱ्या प्रहरीच पोचून गावात एक फेरी मारावी, एवढे दिंडीने ठरवले तर हा वाद पुष्कळसा मिटेल असे आमचे मत आहे. ते बैठकीत मांडूच.

बाबांचे अखेरचे कीर्तन ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झाले. वय ऐंशीचे, देह थकलेला. त्यानंतर महिन्याभरात, ६ डिसेंबरला, बाबासाहेब आंबेडकर गेल्याची बातमी आली आणि बाबा खचले. मुलाच्या जाण्याने न थांबलेल्या माणसाला ही बातमी सोसली नाही, असे त्यांच्या जवळची माणसे सांगत. दोनच आठवडे गेले. २० डिसेंबर १९५६ च्या रात्री अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर, मोटारीतच बाबांनी देह ठेवला. घर सोडून निघालेल्या माणसाचा शेवटही वाटेवरच झाला. अमरावतीला त्यांची समाधी आहे. तो भाग आता गाडगेनगर म्हणून ओळखला जातो.

वांद्र्याच्या त्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण मिळाल्यास मुक्कामी रात्री एकदा लावावे. ऐकताना बाबांच्या आवाजाबरोबर समोरच्या लोकांचे आवाजही ऐकावेत. पोलीस, त्यांच्या बायका, पोरेबाळे, कोण कोण असतील. त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. बाबा विचारतात, ते सगळे एका दमात उत्तर देतात, कुणी आधी, कुणी अर्धा शब्द उशिरा, मागून एखादा खोकतो, आणि मग गजर सुरू झाला की ते सगळे आवाज हळूहळू एका लयीला येतात.